घरगुती एअरब्रश आणि कॉम्प्रेसर: पुण्याच्या तिन्ही ऋतूंत वापरल्यावर

वर्षाला प्लॅस्टिकच्या गाडीचं एखादंच मॉडेल पूर्ण करणाऱ्यांनी एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं यंत्र) आणि कॉम्प्रेसरचा हा सेट घेऊ नये, हे आधीच सांगून टाकतो. दोन-तीन बरे स्प्रे कॅन आणि एक बारीक ब्रश त्यांना पुरेल. ज्यांच्या कपाटात जोडायच्या मॉडेलच्या न उघडलेल्या किटचे डबे साठत चाललेत आणि घरचे त्याबद्दल टोमणे मारू लागलेत, त्यांनी पुढे वाचावं.

सेट असा: वर कप असलेला डबल ॲक्शन (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग) एअरब्रश, 0.3 मिमी नोझल, तीन लिटर टाकीचा ऑइल-लेस कॉम्प्रेसर. चिनी माल, एकच यंत्र दहा नावांनी विकलं जातं त्यातला, त्यामुळे नाव देऊन उपयोग नाही. आठ हजारांच्या आसपास पडला. दसऱ्याला आणला, झेंडूची माळही घातली. आता गणपती होऊन गेलेत. एवढ्या काळात बहुतेक 1/24 मापाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या) गाड्याच रंगवल्या, तामिया आणि हासेगावा या जपानी कंपन्यांच्या.

लोकांना वाटतं एअरब्रशने रंग जास्त चकाकतो. तसं काही नाही. चकाकी क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) आणि पॉलिशमधून येते, आणि कॅनमधूनही उत्तम येते. एअरब्रश घ्यायचा तो थर पातळ राहावा म्हणून. 1/24 मध्ये 0.1 मिमी जाडीचा रंग म्हणजे खऱ्या गाडीवर 2.4 मिमीचा लेप! खऱ्या गाडीत दार आणि पत्रा यांच्यामधली फट चार मिमीच्या आसपास असते, ती या मापात 0.17 मिमी होते. किट बनवणारे ती थोडी रुंद ठेवतात, तरी प्रायमर, रंग आणि क्लिअर असे तिन्ही कॅनमधूनच दिले की दाराची रेघ बुजायला लागते, बॉनेटवरची अक्षरं गुळगुळीत होतात. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण ती गाडी न वाटता खेळणं वाटतं. एअरब्रशने रंग 15 ते 20 पीएसआय दाबावर, दुधाइतका पातळ करून, धुक्यासारखे दोन हात आणि मग एक ओला हात असा दिला की रेघा शाबूत राहतात. पैसे वसूल झाले ते इथे.

दुसरा फायदा रंग घरी कालवता येण्याचा. बाबांच्या जुन्या फियाटचा तो क्रीम मला हवा होता, जो कुठल्याच कॅनमध्ये मिळत नाही. पांढऱ्यात पिवळा, चिमूटभर तपकिरी, आणि अगदी सुईच्या टोकाएवढा काळा. त्या फियाटचं प्लॅस्टिक किट मला अजून कुठे दिसलेलं नाही, म्हणून तो रंग तामियाच्या फोक्सवॅगन बीटलवर दिला. बाबांनी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "रंग आपला आहे, गाडी भलत्याची आहे." बरोबर आहे.

थिनरसाठी नाना पेठेत, खऱ्या गाड्यांच्या रंगाच्या दुकानात गेलो होतो. दुकानातल्या काकांनी विचारलं, "गाडी कुठली?" म्हटलं, "बीटल, पण सतरा सेंटिमीटरची आहे, काका." ते हसले नाहीत. "प्लॅस्टिकची असेल तर एनसी थिनर अंगावर मारू नकोस, खाईल तिला. ब्रश धुवायला ने." हा सल्ला लाखमोलाचा आहे. रंग पातळ करायला त्या-त्या कंपनीचाच थिनर वापरतो. तामियाच्या एलपी लॅकरला (झटपट सुकणारा रंग) त्यांचाच लॅकर थिनर, आणि जास्त गुळगुळीत हवं असेल तर मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर, ज्यात सुकण्याचा वेग कमी करणारा रिटार्डर असतो. धुण्यासाठी मात्र स्वस्तातला एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचा थिनर) चालतो.

आता हवामान, कारण परदेशातल्या व्हिडिओंमध्ये पुण्याचा जुलै नसतो. लॅकरमधला द्रव झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि हवेत दमटपणा असला की तिथेच बाष्प बसतं. काळी गाडी बघता बघता पांढुरकी, धुरकट होते. पुन्हा रिटार्डरवाल्या थिनरचा हलका फवारा दिला तर बऱ्याचदा ते जातं, पण प्रत्येक वेळी नाही. कॉम्प्रेसरचा मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी बाटली) आषाढात भराभर भरतो आणि टाकीच्या तळाचा बोल्ट सोडला की चहाच्या रंगाचं पाणी निघतं. हे पाणी काढणं रोजचं समजा, नाहीतर एखादा थेंब थेट टपावर जाऊन बसतो. पावसाळ्यात मी बॉडी रंगवतच नाही. सीट, डॅशबोर्ड, इंजिन, सगळं ॲक्रिलिकने ब्रशवर.

एप्रिल-मे वेगळीच कथा. रंग नोझलमधून निघून बॉडीपर्यंत पोचेपर्यंत हवेतच अर्धा सुकतो आणि हाताला खरखरीत लागतो. त्या दिवसांत सकाळी सहा-सातला फवारणी करायची आणि लेव्हलिंग थिनर सढळ हाताने घालायचा. उन्हाळ्याचा फायदा एकच, रंग लवकर पक्का होतो. पण बंद गाडीत किंवा पत्र्यावर मॉडेल वाळत घालू नका, किटचं पॉलिस्टायरीन तापलं की वाकतं. सगळ्यात सुखाचा काळ दिवाळी ते होळी. माझ्या सगळ्या चांगल्या गाड्या त्याच दिवसांतल्या.

धूळ मात्र बारमाही आहे. सोसायटीच्या दोन्ही बाजूंना बांधकाम चालू असेल तर विचारायलाच नको. रंग दिल्याबरोबर बॉडीवर मोठा प्लॅस्टिकचा डबा पालथा घालतो. तो डबा मूळचा लाडवांचा होता, आता घरच्यांनी परत मागणं सोडून दिलं आहे.

यंत्राच्या तक्रारी. सोबत आलेल्या रबरी ओ-रिंग (गोल वायसर) लॅकर थिनरने फुगल्या आणि ट्रिगर चिकटायला लागला. टेफ्लॉनच्या घातल्यावर थांबलं. सेट घेतानाच त्या मागवून ठेवा. पान्याने नोझल फार आवळू नका, आटे इतके बारीक आहेत की मोडून तुकडा आतच राहतो. रेग्युलेटरचा (दाब कमी-जास्त करणारी कळ) काटा जे दाखवतो ते अंदाजे समजावं, ट्रिगर दाबला की दाब थोडा उतरतो, म्हणून हवा चालू ठेवूनच आकडा लावायचा. टाकी असल्यामुळे हवा धक्के न देता येते आणि मोटारीला मधूनमधून उसंत मिळते. बिनटाकीचं स्वस्त मॉडेल घेऊ नका, एवढं ठामपणे सांगेन. आवाज फ्रीजपेक्षा जास्त, मिक्सरपेक्षा पुष्कळ कमी.

साफसफाई हा या छंदाचा अर्धा वेळ खातो. रंग बदलताना कप पुसून थिनर मारायचा, दिवस संपताना सुई मागून ओढून काढायची, नोझल भिजवायचं. सुईचं टोक एकदा वाकलं की रंग तिरका उडतो आणि दुसरी सुई लागतेच. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याने कॅनवरच राहावं. त्यात कमीपणा नाही.

क्लिअरसाठी मी अजूनही तामियाचा टीएस-13 कॅनच वापरतो. 0.3 च्या नोझलने टपाएवढ्या जागेवर सलग ओला हात देणं जमतं, पण कॅनचा रुंद पंखा ते काम सहज करतो. डीकलवर (पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरं-चित्रं) मात्र पहिले हात कोरडे, लांबूनच. एकदम ओलं मारलं की डीकल सुरकुततात. कॅन मागवताना एक अडचण असते: दाबाखालचे डबे विमानाने सहज पाठवता येत नाहीत, त्यामुळे ते रस्त्याने, सावकाश येतात. पांढऱ्या रंगाचा बेत असेल आणि किटचं प्लॅस्टिक लाल असेल तर आधी चंदेरी थर द्या, नाहीतर खालचा लाल वर झिरपून गुलाबी छटा येते.

खिडकीची क्रोम पट्टी, वायपर, दाराचं हँडल यांत एअरब्रशचा काही संबंध नाही. पट्टीसाठी बेअर मेटल फॉइल (चिकट बाजूची पातळ धातूची पन्नी) चिकटवून नव्या ब्लेडने कापतो, बारीकसारीकसाठी मोलोटोचं क्रोम पेन. पेनचं क्रोम पुष्कळ दिवस बोटाला लागतं आणि वर क्लिअर मारलं की फिकं पडतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी. पॅनेलच्या रेघांत तामियाचा पॅनेल लाइन ॲक्सेंट (रेघ उठावदार करणारा पातळ रंग) सोडायचा. तो इनॅमल, म्हणजे लॅकरपेक्षा वेगळ्या जातीचा रंग आहे, त्यामुळे खालचा सुकलेला लॅकर न दुखावता इनॅमल थिनरने पुसता येतो. काळ्या गाडीला काळी रेघ, पण लाल किंवा पांढऱ्याला तपकिरी किंवा राखाडी. पांढऱ्यावर काळी ओढली की कार्टून दिसतं.

आणि वासाचं बघा. कापडी मास्क निरुपयोगी आहे, सेंद्रिय वाफा अडवणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लागतो, आणि हवा बाहेर फेकणारा पंखा. फवारणीच्या वेळी शेजारच्या खोलीतही गॅस पेटलेला नको. आमच्याकडे वरच्या मजल्यावरच्या आजींचे कपडे वाळत असतात, म्हणून आधी खालून हाक मारतो, "आजी, तासभर कपडे आत घ्याल का?" त्या घेतात, पण नंतर गाडी बघायला येतात आणि प्रत्येक वेळी विचारतात, ही चालते का.

पुन्हा घ्यायचा झाला तर कॉम्प्रेसर हाच घेईन आणि एअरब्रश जपानी, कारण त्याचे सुटे भाग वर्षांनीही मिळतात. या ब्रशला प्रायमर मारायला ठेवेन.