टेली मानस १४४१६ (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन): रात्री अडीचला लावला होता
अकराव्या आठवड्यात मिसकॅरेज झालं, हॉस्पिटलने क्युरेटिंग करून संध्याकाळी घरी सोडलं, मनाचं कोणी विचारलंच नाही. फोलिक अ‍ॅसिडची अर्धी स्ट्रिप फ्रिजवर तशीच पडलेली. "होईल गं पुढच्या वेळी" ऐकून कान किटले. शेवटी रात्री अडीचला १४४१६ लावला, सरकारी म्हणून अपेक्षा शून्य! पण फुकट आहे, २४ तास चालू, आणि मराठी निवडलं की मराठीतच बोलतात. त्या ताईंनी उपदेश केला नाही, आधी रडू दिलं, मग झोप-जेवणाचं विचारलं आणि सायकॅट्रिस्टकडे कधी जायचं ते नीट सांगितलं. मॅटर्निटी बेनिफिटच्या नियमांत मिसकॅरेजनंतर ६ आठवडे पगारी रजा आहे हे मात्र मैत्रिणीकडून कळलं, आमच्या एचआरने चकार शब्द काढला नव्हता.