एक महिना फ्रूट बॉक्स घेतला, चहा सुटला का?

नाही सुटला. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथेच थांबलात तरी चालेल, बाकीच्यांनी वाचा कारण 2,860 रुपये घातलेत मी यात.

सर्व्हिसचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, भांडण नाही करायचंय मला. प्रकार असा की रोज साडेतीनला ऑफिसच्या रिसेप्शनवर कापलेल्या फळांचा बॉक्स येणार, 300 ग्रॅम, महिन्याचे 22 दिवस, म्हणजे एक बॉक्स पडला 130ला. आणि जाहिरातीत मोठ्ठ्या अक्षरात "कॅफिनला बाय बाय, फळांची नॅचरल किक". माझे दिवसाला सहा चहा होतात, दोन घरी, मग ऑफिसला पोचल्यावर एक, साडेअकराला मशीनचा तो पाणचट, चारला टपरीवर कटिंग आणि सहाला निघताना परत, त्यामुळे किक वगैरे वाचून मीच भुलले, दोष माझाच.

आधी बॉक्सबद्दल. पहिले चार दिवस छान, डाळिंबाचे दाणे वरून पेरलेले, स्टेटसला फोटो टाकण्यासारखं. नंतर पपई आणि खरबूज यांचंच राज्य, किवीच्या दोन चकत्या असतात पण त्या इतक्या पातळ की पलीकडचं दिसावं, आणि अननस असेल त्या दिवशी सफरचंद, द्राक्षं, सगळ्यालाच अननसाचा वास. झाकण उघडलं की आतून घाम सुटल्यासारखं पाणी टपकतं थेट कीबोर्डवर. एकदा पॅन्ट्रीतल्या काट्यावर वजन केलं, डब्यासकट 300 भरलं, नुसती फळं 240. कस्टमर केअर म्हणे मॅम ते अप्रॉक्स आहे. अप्रॉक्स नेहमी कमीच का असतं हो?

आता किकचं. दुसऱ्या दिवशीपासूनच मी हौसेने चारचा आणि सहाचा चहा बंद केला, मशीनचाही सोडला, म्हणजे सहावरून तीनवर. तिसऱ्या दिवशी दुपारी कपाळाच्या मागून असं काही ठणकायला लागलं की मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. नंबर बिंबर काही नाही, रोजची सवय असलेल्या माणसाने कॅफिन झटकन तोडलं की 12 ते 24 तासांत डोकं दुखायला लागू शकतं, कॅफिनने मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसलेल्या असतात त्या परत पसरतात, आणि हे दुखणं काही जणांचं आठवडाभरही चालतं. हे बॉक्सवर कुठेच लिहिलेलं नाही. ॲपवर त्यांच्या न्यूट्रिशनिस्टला विचारलं तर उत्तर आलं "मॅम, फ्रूट्समध्ये नॅचरल कॅफिन असतं". आपल्या सफरचंद, केळी, पपईत कॅफिन औषधालासुद्धा नसतं! ग्वाराना नावाचं एक ॲमेझॉनच्या जंगलातलं फळ आहे त्याच्या बियांत असतं, कॉफीच्या बियांपेक्षाही जास्त, आणि कॉफी म्हणजेसुद्धा शेवटी एका फळाचंच बी, पण मला खरबूज पाठवून हे सांगण्यात काय अर्थ.

मुळात दोन गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो, एनर्जी. आपण जागे असतो तसतसं मेंदूत ॲडेनोसिन नावाचं एक रसायन साठत जातं, ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की झोप येते. कॅफिन काय करतं तर एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं त्या जागांवर रुमाल टाकून ठेवतं. ॲडेनोसिन आलेलंच असतं, उभं असतं बिचारं, बसायला मिळत नाही म्हणून आपल्याला तरतरी. रुमाल उचलला की सगळं एकदम बसतं. यात ऊर्जा अशी काही आलीच नाही, चहात ज्या कॅलरी असतात त्या दूध-साखरेच्या. फळाचं उलटं, एका मध्यम केळ्यात 105च्या आसपास कॅलरी, 27 ग्रॅम कार्ब्ज, 3 ग्रॅम फायबर, म्हणजे खरोखरचं इंधन, पण रुमाल टाकायचं काम त्याला येत नाही.

आणि हे मला पुस्तकात न वाचता कळलं असतं इतकं स्पष्ट दिसलं. आमचं जेवण साडेबाराला उरकतं, त्यामुळे चारला जी मरगळ येते ती बऱ्याचदा चक्क भूक असते, त्या दिवशी बॉक्स खाल्ला की पंधरा-वीस मिनिटांत माणसात यायचे, चहाशिवाय, खरंच. पण मावसबहिणीच्या हळदीला रात्री दोनपर्यंत नाचून दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले तेव्हा अख्खा बॉक्स संपवला, वर मैत्रिणीचा अर्धा खाल्ला, आणि रिव्ह्यू कॉलमध्ये पोट भरलेल्या अवस्थेत पेंगले. क्लायंट बोलतोय आणि मला त्याचा आवाज लांब विहिरीतून आल्यासारखा. शेवटी टपरीवर पळाले.

एक मात्र कबूल करते, संध्याकाळचा चहा गेल्यामुळे झोप सुधारली. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातलं अर्धं अकराला अंथरुणात माझ्यासोबतच असायचं. पूर्वी साडेबारापर्यंत रील्स बघत पडायचे, आता अकराला डोळे मिटतात. पण याचं श्रेय पपईला द्यायचं का? चहा न पिण्याचे 130 रुपये कोण देतं.

त्यांचा कोल्ड प्रेस ज्यूसचा ॲडऑन आहे तो तर अजिबात घेऊ नका. चोथा गाळून टाकला की फायबर जातं आणि राहतं साखरेचं पाणी, तीन संत्री आपण सोलून खाणार नाही पण ग्लासात दोन घोटात जातात. माझ्या बाबांना शुगर आहे, त्यांना "हेल्दी आहे" म्हणून कोणी हे पाजलं तर मी भांडेन.

आमच्या गेटबाहेर केळ्यांची हातगाडी लागते, 60 रुपये डझन, म्हणजे पाच रुपयाला एक. बॉक्स संपल्यावर त्या काकांकडून घ्यायला लागले. ते विचारतात आज खायची का उद्या, आणि त्याप्रमाणे फणीतून तोडून देतात, आजची म्हटलं की सालीवर तपकिरी ठिपके पडलेली, जी आपण डागाळलेली म्हणून बाजूला सारतो, खरं तर तेव्हा आतल्या पिठूळपणाची साखर झालेली असते. शेजारी मावशी पेरू विकतात, चार फाका करून तिखट-मीठ भुरभुरवून, आणि त्याचा तो कच्चकन आवाजच निम्मी झोप घालवतो. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं, पण मी खाते ते तिखट-मिठासाठी.

ज्यांच्या ऑफिसबाहेर असं काही नाही, किंवा मीटिंगमधून उठताच येत नाही, त्यांनी घ्या बॉक्स, बिस्किटापेक्षा शंभरदा बरा, फक्त तो चारचा नाश्ता म्हणून घ्या. फळांना 5 पैकी 3, जाहिरातीला शून्य, डिलिव्हरीवाल्या दादांना 5, भर पावसातही एक दिवस चुकले नाहीत.

रिन्यू नाही केलं. सध्या चारला एक केळं आणि वर अर्धा कटिंग असं चाललंय, सहाचा चहा कायमचा बंद. डबे मात्र मजबूत निघाले, धुऊन ठेवलेत, सासूबाईंनी त्यात मोहरी-जिरं भरलंय.