'हब-सेंट्रिक' म्हणून गळ्यात मारलेले व्हील स्पेसर

स्पेसर म्हणजे हब (गाडीचा चाक धरणारा भाग) आणि चाक यांच्यामध्ये बसवायची धातूची जाड चकती. ती घेताना माणूस फसतो तो 'हब-सेंट्रिक', म्हणजे हबच्या उंचवट्यावर नेमका बसून मध्यावर राहणारा, या एका शब्दावर. खोक्यावर तो ठळक छापलेला असतो, विकणारा तोच पुन्हा पुन्हा ऐकवतो, आणि आतला तुकडा भलत्याच मापाचा निघतो.

६×१३९.७ पीसीडीचंच बघा, म्हणजे १३९.७ मिमी व्यासाच्या वर्तुळावर सहा भोकं. टोयोटा हायलक्सच्या हबचा मधला उंचवटा १०६.१ मिमी, जुन्या (Y61) निसान पट्रोलचा ११० मिमी. ११० मिमी भोकाचा एकच स्पेसर दोन्ही गाड्यांना 'चालतो' म्हणून खपवतात. हायलक्सवर तो अलगद सरकतो, सहाही भोकं जुळतात, काही चुकलंय असं वाटत नाही. पण हबभोवती जवळपास २ मिमी फट राहते, म्हणजे हब त्याला मध्यावर धरतच नाही. नटाची बैठक शंकूची असेल तर स्पेसर कसाबसा मध्यावर येतो. सपाट असेल तर जिथे आवळला तिथेच बसतो आणि वेग वाढला की स्टेअरिंग थरथरतं. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: 'व्हील बॅलन्सिंग करून घ्या.' चाक काढून मशिनवर चढवतात तेव्हा स्पेसर गाडीवरच राहतो, त्यामुळे कितीही वजनं ठोकली तरी थरथर जात नाही.

आट्यांचंही तसंच. हायलक्सचा स्टड (नट बसतो तो आटेदार दांडा) १२×१.५, म्हणजे १२ मिमी जाड आणि आट्यांमधलं अंतर १.५ मिमी; पट्रोलचा १२×१.२५. चुकीचा नट हाताने एकदोन फेरे जातो आणि अडकतो. तिथे इम्पॅक्ट गन लावली की आटे गेलेच. बरोबर नट शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे.

काळ्या रंगाच्या चकचकीत स्पेसरला भुलू नका. ओतीव ॲल्युमिनियमची बारीक छिद्रं जाड रंगाखाली झाकली जातात, आणि तोच माल 'फोर्ज्ड' (दाबून घडवलेला, जास्त मजबूत) म्हणून विकला जातो. वजनावरून फरक कळत नाही. शिवाय हबला टेकणाऱ्या बाजूवर रंग असेल तर तो दाबाने चेपतो आणि आवळलेले नट सैल पडतात. ती बाजू उघड्या धातूची, मशिन केलेलीच हवी.

सगळ्यात घातक प्रकार स्टडच्या लांबीचा. २५ मिमी स्पेसरमधून हबवरचा ३२ मिमीचा मूळ स्टड ७ मिमी बाहेर डोकावतो. चाकाच्या मागे खाचा नसतील तर चाक स्पेसरवर न टेकता स्टडच्या टोकांवर टेकतं. टॉर्क पाना 'टक' करतो, नट घट्ट लागतात, आणि चाक मात्र बसलेलंच नसतं. स्पेसरवर सरळ पट्टी आडवी धरली की हे लगेच दिसतं.

म्हणून खोकं उघडतानाच व्हिडिओ घ्या. व्हर्निअरने मधलं भोक आणि हब दोन्ही मोजा, आकडा कॅमेऱ्यात दिसू द्या. स्पेसरच्या स्टडच्या डोक्यावर १०.९ चा (मजबुतीच्या दर्जाचा) शिक्का आहे का पाहा. यातलं एकही जुळलं नाही तर तुकडा गाडीला लावूसुद्धा नका, कारण एकदा ओरखडा उठला की 'तुम्हीच घरी चुकीचा बसवला' म्हणून परतावा नाकारतात.

माप जुळलं तर हबवरचा गंज वायर ब्रशने पूर्ण काढा, नट ताऱ्याच्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळा, शेवटचा टॉर्क पान्यानेच द्या. ५० ते १०० किमीनंतर चाक उतरवा, कारण स्पेसर हबला धरणारे आतले नट त्याशिवाय तपासताच येत नाहीत. भोकांभोवती करडी पूड दिसली तर स्पेसर आत हलतोय, तो तिथेच काढून टाका.