४२ रुपये फुटाची हरळी : लॉन लावून देणाऱ्या सेवेचा दोन वर्षांचा अनुभव

पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीच्या पुढे आमचे बैठे घर आहे आणि त्याच्या अंगणात ७०० चौरस फूट मोकळी जागा आहे. जून २०२३ मध्ये तेथे लॉन लावून घेण्याचे काम मी सोलापूर रस्त्यावरील एका रोपवाटिकेला दिले. सर्व धरून ४२ रुपये चौरस फूट, म्हणजे एकूण २९,४०० रुपये असा दर ठरला. जमीन खणून राडारोडा काढणे, सहा इंच तांबडी माती व शेणखत भरणे, गवताचे कार्पेट अंथरणे, रोलर फिरवणे आणि पहिल्या महिन्याची देखभाल एवढी कामे त्यात होती. त्यानंतर महिन्याला १,८०० रुपयांत माळ्याच्या दोन फेऱ्या. रोपवाटिकेचे नाव येथे देत नाही, कारण ओळखीपाळखीत चौकशी केली तेव्हा बहुतेकांचा अनुभव थोड्याफार फरकाने असाच निघाला. माझे मत विचाराल तर गवत उत्तम मिळाले, माती कमी मिळाली आणि माळी मात्र ठरलेल्या पैशांच्या कितीतरी पटीने मोलाचा मिळाला.

गवताविषयी आधी लिहिते, कारण तक्रारीला जागा नाही असा तो एकच भाग आहे. रोपवाटिकेत तीन-चार प्रकार दाखवले गेले. कोरियन म्हणून विकले जाणारे गवत दिसायला मखमली असते, परंतु त्याचे उंचवटे तयार होतात आणि त्यावर रोज पावले पडणार असतील तर त्याच्या वाटेला न गेलेले बरे. आम्ही 'सिलेक्शन वन' निवडले. ही शेवटी बारीक पानांची हरळीच, गणपतीला वाहतो त्या दूर्वांच्या कुळातली. शेतकरी जी मजूर लावून उपटतो, तीच आम्ही फुटावर मोजून पैसे देऊन आणली, यावर आमच्या सासूबाईंनी केलेली टिप्पणी येथे लिहिण्यासारखी नाही. पण निवड चुकली नाही. हरळी उन्हाला भीत नाही, जमिनीवरून आणि जमिनीखालून अशी दोन्हीकडून पसरते, तुडवली तरी सावरते आणि फाटलेली जागा स्वतःच भरून काढते. कार्पेटचे तुकडे ओल्या गोणपाटाखाली झाकून आले, त्याच दिवशी दुपारपर्यंत अंथरून झाले, आणि सांधे एका रेषेत येऊ नयेत म्हणून मजुरांनी ते विटांच्या बांधकामासारखे एकाआड एक बसवले. हे काम खरोखर नीटस होते.

आता मातीकडे येते. सात-आठ वर्षांपूर्वी घर बांधताना ब्रासचा हिशेब डोक्यात पक्का बसला होता. १०० घनफूट म्हणजे १ ब्रास. ७०० चौरस फूट जागेत सहा इंचांचा थर द्यायचा तर ३५० घनफूट, म्हणजे साडेतीन ब्रास माती हवी. प्रत्यक्षात आला तो २ ब्रासचा एक ट्रक. मी हे बोलून दाखवले तेव्हा पर्यवेक्षकाने "मॅडम, खाली तुमची जुनी माती आहेच की" असे उत्तर दिले, आणि घरात पाहुणे असल्याने मी वाद वाढवला नाही, ही माझी चूक. दोन ब्रासमध्ये जेमतेम साडेतीन इंचांचा थर होतो. पाणी पडून तो बसला की त्याहूनही कमी. शिवाय 'जुनी माती' म्हणजे काय ते नंतर कळले. मागच्या कोपऱ्यात खुरपे घातले तर दोन इंचांवर विटेचा तुकडा, त्याखाली सिमेंटचा गोळा आणि मग दगडासारखा मुरूम. राडारोडा काढून टाकला नव्हता, तर झाकला होता.

त्या वर्षीच्या पावसाने ही लबाडी उघडी पाडली. मिरगाचा पाऊस आला की पाणी द्यावे लागणार नाही, या भरवशावर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काम उरकले गेले. मोसमी पाऊस पुण्यात पोहोचला तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात. नव्या कार्पेटला पहिले दोन आठवडे ओल तुटू देता येत नाही, कारण त्याची मुळे कापलेली असतात आणि खालच्या मातीत शिरेपर्यंत ते वरच्या पाण्यावरच जगते. आमच्या भागात टँकरशिवाय चालत नाही, हे पुणेकरांना सांगायला नको. त्यानंतर आला तो ऑगस्ट २०२३, देशात १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत कोरडा ऑगस्ट. पुढच्या भागात, जिथे माती बरी पडली होती, तिथे गवत हिरवे राहिले. मागच्या कोपऱ्यात ते निळसर करडे पडले, त्यावरून चालले की पावलांचे ठसे तासभर तसेच राहत, आणि आठवड्याभरात तेवढा भाग पेंढ्यासारखा झाला. एकच गवत, एकच पाणी, एकच माळी. फरक फक्त खालच्या मातीचा. मुळांना उतरायला जागा नसेल तर रोज पाणी घालूनही गवत तहानलेलेच राहते.

पाण्याचा हिशेबही आधी कोणी सांगत नाही, म्हणून तो येथे देते. ७०० चौरस फूट म्हणजे सुमारे ६५ चौरस मीटर. त्यावर दिवसाला ५ मिलिमीटर पाणी द्यायचे तर सुमारे ३२५ लिटर लागतात, म्हणजे उन्हाळ्यातील एका महिन्याला जवळजवळ १०,००० लिटरचा एक अख्खा टँकर. रोज थोडे शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी, सकाळी लवकर, खोलवर मुरेल इतके पाणी दिल्याने मुळे खाली जातात, हे खरे. पण तेही जिथे खाली जायला माती आहे तिथेच. ज्यांच्याकडे पाण्याची कायमची ओढाताण आहे त्यांनी ७०० फुटांचा हट्ट धरू नये, २०० फूट नीट करावे, असे मी आता स्पष्टपणे सांगते.

देखभालीच्या ठेक्यात पहिले सहा महिने दर वेळी नवा मुलगा येत असे. त्यातल्या एकाने दिवाळीच्या आधी, चार इंच वाढलेले गवत ग्रास कटरने एका दमात इंचभर करून टाकले. कापताना पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये, हा या विषयातला अगदी प्राथमिक नियम आहे. तो मोडला की हिरवी पाने जातात आणि खालचे पिवळे दांडे उघडे पडतात. ऐन दिवाळीत आमचे अंगण नुकत्याच कापलेल्या गव्हाच्या शेतासारखे दिसत होते. दुसऱ्याने भर दुपारी ओल्या गवतावर मुठीने युरिया फेकला. युरियात ४६ टक्के नत्र असते, आणि तो पानांवर ढेकळासारखा बसला की पान जळते. जिथे जिथे मूठ पडली तिथे तिथे थाळीएवढे तपकिरी गोल उमटले, इतके स्पष्ट की तो मुलगा कुठून कुठे चालत गेला ते सांगता आले असते. मी रोपवाटिकेला फोन केला, तेव्हा "पाणी वाढवा" असे सांगण्यात आले. पुढे दोन वर्षांत माझ्या प्रत्येक तक्रारीवर तेच उत्तर मिळाले, त्यामुळे आता घरात कोणाला ताप आला तरी आम्ही एकमेकांना पाणी वाढवायला सांगतो.

जानेवारी २०२४ पासून मात्र एक वयस्कर माळी येऊ लागले. मूळचे ऊस शेती करणारे, पाण्याअभावी शेती सोडून पुण्यात आलेले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. पहिल्याच दिवशी त्यांनी अवजार बाहेर काढण्याआधी सगळ्या लॉनवर उकिडवे बसत, सरकत सरकत एक फेरी मारली आणि मला त्यातला लव्हाळा, म्हणजे गवतासारखे दिसणारे चिवट तण, दाखवला. मी त्याला इतके दिवस गवतच समजत होते. त्याची काडी दोन बोटांत फिरवली की तिला तीन कडा लागतात. हरळीच्या काडीला तशा लागत नाहीत. तो ट्रकमधल्या मातीतून आला होता. "ताई, उपटून जायचा नाही हा. वरचं तुमच्या हातात येतं, गाठ खालीच राहते," असे म्हणत त्यांनी एक रोप खुरप्याने खोलवरून काढले आणि काळ्या दोऱ्याला ओवल्यासारख्या तीन गाठी तळहातावर ठेवल्या. उसातल्या लव्हाळ्यासाठी वापरतात ते हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे तणनाशक त्यांनी मोजून, वारा नसताना फवारले. तीन आठवड्यांत लव्हाळा पिवळा पडला आणि हरळी तशीच राहिली. दुसऱ्या फवारणीनंतरही थोडा उरला आहे, आणि महापुरात वाचणाऱ्याने आमच्या अंगणात वाचू नये अशी अपेक्षा मीही ठेवलेली नाही.

मामांच्या सांगण्यावरून मी हाताने ढकलायचे, फिरत्या पात्यांच्या रिळाचे साधे यंत्र घेतले. ते कात्रीसारखे कापते, त्यामुळे पानांची टोके फाटत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी लॉनवर पांढुरकी झाक येत नाही. आवाज नाही, वीज नाही, पण गवत तीन इंचांवर गेले की ते अडते, म्हणून पावसाळ्यात आठवड्याला एकदा फिरवावेच लागते. आम्ही एरवी दीड इंच आणि एप्रिल-मेमध्ये दोन इंच उंची ठेवतो. कुंपणाकडची एक पट्टी मात्र मुद्दाम कापत नाही, कारण गणेशोत्सवात शेजारच्या आजी दूर्वा न्यायला येतात आणि कापलेल्या लॉनमधून त्यांना जुडी मिळत नाही. त्या पट्टीवर औषधही मारत नाही.

जुलै २०२४ च्या अखेरीस पुण्यात झालेल्या जोरदार पावसात मागच्या कोपऱ्यात दोन दिवस पाणी साचून राहिले. उतार ठेवला होता, पण तो घराच्या दिशेने. त्यानंतर सप्टेंबरात पुढच्या, म्हणजे आतापर्यंत उत्तम असलेल्या भागात करडे पट्टे दिसू लागले आणि साळुंक्या सकाळपासून तिथेच टोचे मारत बसू लागल्या. रोपवाटिकेचे उत्तर ठरलेले होते. मामांनी काही न बोलता त्या पट्ट्याची कड धरून उचलली, तर गवत सतरंजीसारखे गुंडाळत हातात आले. खाली मुळे नव्हतीच. फूटभर लांब-रुंद जागेत आम्ही नऊ अळ्या मोजल्या, पांढऱ्या, जाडजूड, तपकिरी डोक्याच्या, अर्धवर्तुळात वळून पडलेल्या. "ही तहान नाही ताई, हुमणी आहे. आमचा ऊस हिनंच खाल्ला," मामा म्हणाले. वळवाच्या पहिल्या सरींनंतर या अळीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, संध्याकाळी कडुनिंबावर जमतात आणि मातीत अंडी घालतात. आमच्या कुंपणाला लागूनच कडुनिंब आहे. हाताने वेचता येतील तेवढ्या अळ्या वेचून, मेटारायझियम ही मित्रबुरशी शेणखतात मिसळून त्यांनी संध्याकाळच्या ओलीत टाकली. लगेच गुण येणारे हे औषध नाही, पण नोव्हेंबरपर्यंत कडेच्या हरळीने तो भाग पुन्हा झाकला.

सेवेत दोन उणिवा आणखी आहेत. उत्तरेच्या भिंतीलगत जिथे दिवसभरात दोन तासही ऊन येत नाही तिथेही हेच गवत लावले गेले. हरळीला सहा तासांचे ऊन लागते, आणि हे रोपवाटिकेला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. ती पट्टी वर्षभरात टकली झाली, शेवटी तिथे शहाबादी फरशी टाकली. दुसरे म्हणजे, बोअरच्या जड पाण्याने पाने फिकट पिवळी पडत, त्यासाठी हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात फवारावे लागते हे आम्हाला मामांनी सांगितले, ठेक्याच्या कागदावर त्याचा उल्लेख नव्हता. फवारा फरशीवर गेला तर गंजाचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत, हे मात्र आमचे आम्हीच शिकलो.

एवढे होऊनही पाचपैकी तीन गुण देते, त्यातला एक गवताचा आणि दोन मामांचे. जून २०२५ मध्ये देखभालीचा ठेका आम्ही पुढे चालू ठेवला, पण कागदावर माळ्याचे नाव घालून घेतले आणि मामा बदलले तर ठेका संपला असे लिहून घेतले. मागचा कोपरा त्याच वेळी पुन्हा खणला. चार घमेली विटा, सिमेंटचे गोळे आणि एक अख्खी बादलीची कडी निघाली. राहिलेली दीड ब्रास माती या वेळी स्वखर्चाने मागवली, आणि ट्रकचा फाळका उघडण्यापूर्वी मामांनी आत चढून टेपने लांबी, रुंदी व उंची मोजली. ड्रायव्हर हसत होता, पण थांबला. उतार रस्त्याकडे काढला आणि पुढच्या भागातूनच गवताच्या काड्या घेऊन त्या बोटभर अंतरावर टोचल्या. सहा आठवड्यांनी मी कोपऱ्यातली एक काडी धरून ओढून पाहिली. काडी तुटली, मूळ आले नाही.