बोटाला लावायचं ऑक्सिमीटर: सदोष म्हणून परत पाठवणार होतो

खोक्यात घालून चिकटपट्टीसुद्धा मारली होती. माझ्या बोटाला लावलं की यंत्र नुसत्या दोन रेघा दाखवायचं. बोटं बदलली, हात बदलला, सेल बदलले, रेघा त्याच. शेवटी बायकोने खोकं फोडून स्वतःच्या बोटाला लावलं. ९८, नाडी ७६. मग माझा हात धरला आणि म्हणाली, "अहो, हा बर्फ झालाय!" नखं निळसर पडली होती. चालताना पोटऱ्या भरून यायच्या, ते मी वयावर ढकललं होतं.

मी एचआयव्हीसाठी अटाझानाविर घ्यायचो, जोडीला १०० मिलिग्रॅम रिटोनाविर. एवढ्या मात्रेत रिटोनाविर विषाणूसाठी नसतंच. यकृतातलं औषधं मोडणारं एन्झाइम ते अडवतं, म्हणून जोडीदार रक्तात जास्त वेळ टिकतो. पण मग नको तो पाहुणाही टिकतो. दोन दिवस आधी अर्धशिशी उठली म्हणून मी घरात पडलेल्या जुन्या पाकिटातल्या अर्गोटामिनच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या. एरवी यकृत त्यांचा फडशा पाडतं. माझ्या अंगात त्या साचल्या आणि हातापायांच्या धमन्या आवळल्या.

डॉक्टरांना मनगटात नाडी लागेना. पहिला प्रश्न: "डोकेदुखीवर काय घेतलंत?" लगेच दाखल केलं, धमन्या सैल करणारं औषध शिरेतून सुरू केलं. बोटं वाचली. आता डोलुटेग्राविरवर आहे, त्याला असा जोडीदार लागत नाही. (कोविडच्या निरमाट्रेलविरसोबतही हेच रिटोनाविर देतात, तेव्हा अर्धशिशीवाल्यांनी तिथेही आधी विचारावं.)

आता यंत्राबद्दल. बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडून ते ठोक्यागणिक उसळणारं रक्त वाचतं. उसळीच नसेल तर आकडा कुठून आणणार? ओढूनताणून काहीतरी दाखवण्यापेक्षा रेघा बऱ्या. चिमटा घट्ट बसतो, आकडे चष्म्याशिवाय दिसतात. सेलचं झाकण मात्र वैताग आहे.

पाचातला एक तारा कापला तो माहितीपत्रकासाठी. त्यात एवढंच लिहिलंय, 'आकडा न दिसल्यास बोट चोळून गरम करावे.' मी दीड दिवस चोळत बसलो होतो.