१५० पाउंडी रिकर्व्ह क्रॉसबो: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिने, आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी पंधरा-वीस बाण. एवढा वापर झाल्यावर या प्रकारच्या क्रॉसबोबद्दल (दस्त्यावर आडवं बसवलेलं, ट्रिगरने सुटणारं धनुष्य) एक गोष्ट ठामपणे सांगता येते: नेम ट्रिगरवर जितका चुकतो, त्यापेक्षा जास्त दोरी ओढताना चुकतो. स्कोप, बाण, उभं राहायची पद्धत हे सगळं त्याच्या मागून येतं.

यंत्र साधं आहे. रिकर्व्ह, म्हणजे चाकं नाहीत, केबल नाहीत. दोन लवचिक पाती, त्यांना बांधलेली एक दोरी, मधोमध बाण ठेवायची लांब पट्टी म्हणजे रेल, ताणलेली दोरी अडकवून धरणारा खटका आणि दस्ता. ताण १५० पाउंड, दोरीचा प्रवास १४ इंच. बाण २० इंची कार्बनचा, १०० ग्रेनच्या टोकासकट ४०० ग्रेन, म्हणजे जवळपास २६ ग्रॅम. या बाणाचा वेग सेकंदाला २७० फुटांच्या आसपास पडतो. खोक्यावरचा आकडा याहून मोठा असतो, कारण तो सहसा हलक्या बाणाचा असतो. खाली दिलेली अंतरं आणि इंच याच वेगाला धरून आहेत.

आता दोरी. क्रॉसबो न ताणलेला असताना दोन्ही पात्यांच्या टोकांपासून रेलच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. दोन्ही बाजू सारख्या आल्या की बारीक टोकाच्या पर्मनंट मार्करने रेलच्या दोन्ही कडांना लागून दोरीवर एकेक रेघ मारायची. दोरी खटक्यात अडकली की या दोन्ही रेघा रेलपासून सारख्याच अंतरावर दिसायला हव्यात. एक रेघ कडेला चिकटलेली आणि दुसरी एक-दीड मिलिमीटर बाहेर, असं दिसलं तर एक पातं दुसऱ्यापेक्षा जास्त वाकलेलं आहे. मग दोरी बाणाला सरळ न ढकलता तिरकी ढकलते, आणि २० यार्डांवर ती चूक इंचांत मोजावी लागते. रेघ बघायला दोन सेकंद लागतात. प्रत्येक बाणाआधी बघायची, अपवाद नाही.

नुसत्या हातांनी ओढलं की उजव्या हाताने काम करणाऱ्याची उजवी बाजू जवळपास नेहमी जास्त ओढली जाते. हुक आणि मुठी असलेली ओढायची दोरी वापरली की दोन फायदे होतात. एक तर जोर निम्मा लागतो, १५० ऐवजी ७५ पाउंडांच्या आसपास. दुसरं म्हणजे दोन्ही हुक रेलला अगदी चिकटवून लावले तर मुख्य दोरी आपोआप मधोमध येते. हुक रेलपासून बोटभर लांब लावले तर हा दुसरा फायदा गेलाच म्हणायचा. पाय रिकिबीत (क्रॉसबोच्या पुढच्या टोकाची पाय अडकवायची कडी) पूर्ण आत, पाठ सरळ, आणि एका दमात ओढून ‘खट्’ आवाज येईपर्यंत थांबायचं नाही. अर्ध्यावर थांबून पुन्हा ओढलं की दोरी एका बाजूला सरकते. आणि हो, झिरो करताना, म्हणजे ठरावीक अंतरावर स्कोपचा नेम आणि बाण लागायची जागा जुळवताना, जी पद्धत वापरली तीच पुढे कायम ठेवायची. हातांनी ओढून झिरो केलेला क्रॉसबो हुकांनी ओढला की बाण दुसरीकडे लागतात, आणि दोष बिचाऱ्या स्कोपला मिळतो.

बाण कुठे लागले यापेक्षा ते कसे पसरले हे जास्त बोलकं असतं. आडवे पसरले तर संशय दोरीच्या मध्यावर किंवा क्रॉसबोच्या झुकण्यावर. उभे पसरले तर बाणांच्या वजनातला फरक, कोरडी रेल, दोरीला नीट न टेकलेला बाण किंवा चुकलेलं अंतर. सगळे बाण एकत्र पण मध्यापासून दूर, तर आणि तरच स्कोपला हात लावायचा.

झुकण्याबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल, कारण २० यार्डांवर हा दोष लपून राहतो. क्रॉसबो उजवीकडे ३ अंश कलला, जे डोळ्याला कळतही नाही, तर २० यार्डांवर बाण जेमतेम अर्धा इंच उजवीकडे जातो. ४० यार्डांवर तोच कल दोन इंचांचा होतो. अंतर दुप्पट, चूक चौपट. कारण गुरुत्वाकर्षणामुळे बाण जितका खाली येतो त्या प्रमाणात ही चूक वाढते, आणि खाली येणं उडायच्या वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढतं. स्कोपच्या रिंगवर बसणारी छोटी पाणसळ या एका कामासाठी घेण्यासारखी आहे. मात्र ती बसवण्याआधी स्कोपची उभी रेघ क्रॉसबोशी काटकोनात आहे का ते ओळंबा टांगून तपासायचं. पाणसळच तिरकी बसली तर चूक दर वेळी तेवढीच आणि त्याच दिशेला होत राहते.

झिरो करायची सुरुवात १० यार्डांपासून. तीन बाण, मऊ टेकूवर रेलखालचा भाग ठेवून. टेकू पात्यांना किंवा रिकिबीला लागता कामा नये. १० यार्डांवर बाण निशाणाच्या जवळ आले की २० यार्डांवर जायचं आणि खरं काम तिथे करायचं. बहुतेक स्कोपच्या फिरकीचा एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. २० यार्डांवर तो इंचाचा विसावा भाग भरतो. म्हणजे बाण दोन इंच डावीकडे लागत असतील तर ४० क्लिक फिरवावे लागतात. पाच-सहा क्लिक फिरवून ‘काही फरकच पडत नाही’ म्हणणारे बरेच दिसतात. त्यांचा स्कोप चांगला असतो, हिशेब कच्चा असतो. दर वेळी तीन बाणांच्या पुंजक्याचा मध्य धरून बदल करायचा, एका बाणावरून कधीच नाही.

२० यार्डांवर चांगलं जमायला लागलं की तीनही बाण एकाच ठिपक्यावर मारणं बंद करावं. मागचा बाण पुढच्याच्या नॉकमध्ये (बाणाच्या मागच्या, दोरीला टेकणाऱ्या टोकात) घुसतो आणि दोन्ही जातात. टार्गेटवर चार-पाच ठिपके काढायचे, दर ठिपक्याला एक बाण, आणि बाणांना नंबर टाकायचे. नंबरांचा खरा उपयोग महिनाभराने कळतो: एकच नंबर सतत बाहेर जात असेल तर दोष त्या बाणात आहे, मारणाऱ्यात नाही.

स्कोपमधल्या खालच्या आडव्या रेघांवर ३०, ४०, ५० असं गृहीत धरलेलं असतं, पण ते एका ठरावीक वेगासाठी. २० यार्डांवर झिरो केलेला, २७० फुटी वेगाचा बाण ३० यार्डांवर सुमारे ६ इंच खाली लागतो आणि ४० वर सुमारे १८ इंच. जास्त वेगासाठी बनवलेल्या स्कोपची दुसरी रेघ त्यामुळे ३० ऐवजी २७ किंवा २८ यार्डांना जुळू शकते. उपाय सोपा आहे: प्रत्येक रेघ धरून एकेक यार्ड मागे-पुढे होत ती नेमकी कुठे जुळते ते शोधायचं आणि चिठ्ठीवर लिहून दस्त्याला चिकटवायचं. झूम असलेल्या स्कोपमध्ये झूम बदललं की अनेकदा रेघांचं गणितही बदलतं, म्हणून ती रिंग एका जागी ठेवून तिथे खूण करावी. अंतर डोळ्याने ठरवू नये. ४० यार्डांवर अंदाज दोन यार्डांनी चुकला तर बाण दोन इंच वर किंवा खाली. २० वर तेवढीच चूक पाऊण इंचात भागते.

बाणांच्या बाबतीत कंजूषी परवडत नाही. एकाच पाकिटातल्या बाणांतही वजनाचा फरक निघतो. सोनं तोलायला वापरतात तसा छोटा डिजिटल काटा घेऊन सगळे तोलावेत. १० ग्रेनचा, म्हणजे ०.६५ ग्रॅमचा फरक ४० यार्डांवर बाण पाऊण इंच वर-खाली करतो. पाच-पाच ग्रेनच्या आत बसणारे बाण एका गटात ठेवायचे, उरलेले १० यार्डांच्या सरावाला. नॉक उत्पादकाने सांगितलेल्याच प्रकारचा हवा, सपाट किंवा अर्धचंद्र. अर्धचंद्र असेल तर त्याची खाच वेगळ्या रंगाच्या पिसाशी जुळलेली आहे ना ते पाहायचं. नॉक थोडा जरी फिरला तरी दोरी त्याच्या कडेवरून निसटू शकते. वेगळ्या रंगाचं पीस रेलच्या खाचेत खाली, आणि बाण मागे ढकलून दोरीला टेकलेला. मध्ये फट राहिली तर दोरी बाणाला ढकलण्याऐवजी ठोसा मारते.

टार्गेटमधून बाण काढल्यावर तो दर वेळी तपासायचा. दोन्ही टोकांना धरून कानाजवळ हलकासा वाकवा, थोडा फिरवा, पुन्हा वाकवा. बारीक ‘करकर’ ऐकू आली की तो बाण त्याच क्षणी मोडून टाकायचा. तडा गेलेला कार्बन दोरीच्या धक्क्याने फुटला तर काड्या हातात घुसतात. थरांच्या फोममध्ये बाण घर्षणाने इतका गरम होतो की टोकाचा पितळी किंवा ॲल्युमिनियमचा भाग धरणारा गोंद सैल पडतो आणि बाण काढताना टोक आतच राहतं. बाणाच्या पुढच्या भागावर मेणाचा पातळ हात फिरवला की बाण सोपा निघतो आणि हा त्रास बराच कमी होतो. पिळून काढायचा, हिसका देऊन नाही. टोकं स्क्रूने बसतात आणि धक्क्याने सैल होतात. दर तीन बाणांनंतर बोटांनी आवळून घ्यावीत.

मेण आणि रेलचं वंगण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत इथे फार होते. मेण दोरीच्या उघड्या धाग्यांना लावायचं आणि चिमटीत धरून गरम होईपर्यंत चोळायचं. मधला भाग, जिथे दोरीवर दुसरा दोरा घट्ट गुंडाळलेला असतो, तिथे मेण नाही. तिथे आणि रेलवर वंगणाचा एक थेंब, बोटाने पसरून. दहा बाणांमागे एक थेंब या क्रॉसबोला पुरला. जास्त झालं तर ते खटक्यात उतरतं, धूळ धरतं आणि ट्रिगर जड होतो. कमी झालं तर गुंडाळलेला दोरा आधी केसाळ होतो, मग त्याच्या वेढ्यांमध्ये फटी पडतात. केसाळपणा दिसला की दोरा नव्याने गुंडाळून घ्यायची वेळ झाली. आतले मुख्य धागे दिसले किंवा एखादा तुटला तर दोरीच बदलायची.

ट्रिगर या वर्गात बरा असतो, उत्तम नाही. दाबताना आधी थोडा मोकळा सरकतो, मग अडतो, मग सुटतो. अडतो तिथपर्यंत आधीच आणून ठेवायचा आणि तिथून सावकाश दाब वाढवायचा. सुटल्यावर बाण टार्गेटला लागेपर्यंत गाल दस्त्यावरून उचलायचा नाही. २० यार्डांवर बाणाला पोचायला सेकंदाच्या पाव भागाइतकाही वेळ लागत नाही, तरीही काय झालं ते बघायला डोकं वर येतं, आणि ती हालचाल बाण रेलवर असतानाच सुरू झालेली असते.

आधाराच्या हाताचा अंगठा रेलच्या पातळीखाली. हे वाक्य दस्त्यावर रंगाने लिहावं इतकं महत्त्वाचं आहे. वर आलेला अंगठा दोरी कापून नेते. बाण न लावता ट्रिगर कधीच दाबायचा नाही. बाणाकडे जाणारी सगळी ताकद पात्यांत आणि दोरीत परत जाते आणि पातं चिरतं. ताणलेला क्रॉसबो मोकळा करायचा तर जुना, जड बाण मऊ टार्गेटमध्ये मारून. पाती सुटताना बाहेर फाकतात, म्हणून टेबलाची कड, खांब, शेजारचा माणूस हे दोन्ही बाजूंनी हातभर लांब हवं. टार्गेटच्या मागे मातीचा बांध किंवा भिंत नसेल तर तिथे मारूच नये. डोळ्यांना चष्मा.

स्पर्धेसाठी हा क्रॉसबो घेऊ नये. आंतरराष्ट्रीय क्रॉसबो नेमबाजी संघटना १९५६ सालची. तिच्या फील्ड प्रकारात ३५, ५० आणि ६५ मीटरवर मारतात आणि ताणाची मर्यादा ४३ किलो आहे. १५० पाउंड म्हणजे ६८ किलो, नियमांच्या कितीतरी वर. घरच्या मैदानावर २० ते ४० यार्डांच्या सरावाला मात्र रिकर्व्हसारखं सोपं काही नाही. दोरी बदलायला प्रेस (पाती दाबून धरणारं यंत्र) लागत नाही, पाती वाकवून धरायची वेगळी दोरी आणि दहा मिनिटं पुरतात.

आठ महिन्यांत सैल झालेले भाग: स्कोपच्या रिंगचे स्क्रू, रिकिबीचा एक स्क्रू आणि पाती धरणारा मुख्य स्क्रू, तोही किंचित. सगळ्या स्क्रूंच्या डोक्यावरून शेजारच्या भागापर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हललाय. रिंगला १५ ते २० इंच-पाउंड पुरतात, जास्त आवळलं तर स्कोपची नळी दबते. दोरी या काळात थोडी लांबली, त्यामुळे न ताणलेल्या अवस्थेत ती खटक्यापासून किती लांब बसते ते अंतर बदललं आणि झिरोही हलला. दोरी एका टोकाने सोडवून, ती ज्या दिशेने पिळलेली आहे त्याच दिशेने दोन-तीन पीळ वाढवले की अंतर पूर्ववत होतं. नवी दोरी चढवल्यावर पहिले वीस-पंचवीस बाण ती बसण्यासाठीच मारायचे, स्कोपला हात न लावता. मग दोन्ही बाजूंचं अंतर पुन्हा मोजायचं, मार्करच्या रेघा नव्याने मारायच्या आणि २० यार्डांवर तीन बाणांपासून सुरुवात करायची.