खिडकीतला फ्लॅट अँटेना: सगळं लागतं, 7.1 सोडून

जागा न्यू जर्सीतलं एडिसन, मॅनहॅटनचे टीव्ही टॉवर साधारण 25 मैलांवर, खिडकी ईशान्येची. अँटेनाच्या खोक्यावर छापलेल्या टप्प्याच्या मैलांकडे लक्ष देऊ नका, ते जाहिरातीचे असतात. हवेतून फुकट येणाऱ्या चॅनलांपैकी 2.1, 4.1, 5.1 एकदम पक्के. केबलच्या बिलात ज्या चॅनलांसाठी 'ब्रॉडकास्ट टीव्ही फी' म्हणून वेगळे डॉलर लावतात, तीच इथे फुकट. इथवर पाच तारे.

पण 7.1! एबीसी नेटवर्क, म्हणजे एनबीए (बास्केटबॉल) फायनल आणि ऑस्कर. नेमकं तिथेच चित्राचे चौकोन होतात आणि आवाज तुटतो.

पडद्यावरचा नंबर आणि हवेतला नंबर (टॉवर खरोखर ज्या चॅनलवर प्रक्षेपण करतो तो) एकच असेल असं नाही. 2.1 प्रत्यक्षात 36 वर येतं, 4.1 हे 35 वर, दोन्ही यूएचएफ (14 ते 36, आखूड लहरींचे चॅनल). 7.1 मात्र खरोखरच 7 वर आहे, 174 ते 180 मेगाहर्ट्झ. 11.1 हे 11 वर, 13.1 हे 12 वर, म्हणजे तिन्ही व्हीएचएफ (13 पर्यंतचे, लांब लहरींचे चॅनल). 7 साठी डायपोल (दोन दांड्यांचा साधा अँटेना) जवळपास 80 सेंटिमीटर लांब लागतो आणि हा पत्रा जेमतेम 30 चा. खोक्यावर 'यूएचएफ/व्हीएचएफ' लिहायला कंपनीचं काय जातं?

इथेच निकाल देऊन टाकला असता, पण निम्मा दोष दुसऱ्याचाच निघाला. सोबत येणाऱ्या अँप्लिफायरचा (सिग्नल वाढवणाऱ्या डबीचा) यूएसबी अडॅप्टर इतका स्वस्तातला आहे की त्याचाच खरखराट व्हीएचएफमध्ये शिरतो. टीव्हीच्या सिग्नल मेनूत एसएनआर (खरखराटाच्या तुलनेत सिग्नल किती जोरकस) बघा: साधारण 15 डेसिबलखाली गेला की चित्र गोठतं, मुंग्याबिंग्या काही नाहीत, थेट बंद. तो अडॅप्टर काढून अँप्लिफायर टीव्हीच्या यूएसबीवर लावला की आकडा वर चढतो. जवळचे स्वस्त एलईडी दिवेही हाच उद्योग करतात, तेही एकेक बंद करून बघा.

अँप्लिफायर नकोच असेल तर नुसता प्लग काढून भागत नाही. बिनविजेचा अँप्लिफायर सिग्नल अडवतो. तो लाइनमधून काढून केबल सरळ टीव्हीला जोडावी लागते. 25 मैलांवर एकाच टीव्हीसाठी तो बहुधा लागतच नाही, उलट जोरकस सिग्नलने ट्यूनर गुदमरतो. चार टीव्हींसाठी स्प्लिटर (सिग्नल वाटणारा जोड) लावलात तर तिथे 7 डेसिबल जातात, तेव्हा त्याचा उपयोग. फोनच्या टॉवरचे सिग्नल अडवायला फिल्टर घ्यायचाच तर 608 मेगाहर्ट्झच्या वर कापणारा घ्या. जुने एलटीई (4जी फोनचे) फिल्टर 700 च्या आसपास कापतात आणि आता फोनचे सिग्नल 617 पासूनच सुरू होतात.

अडॅप्टर हटवूनही 7.1 काठावरच राहतं. पक्का इलाज म्हणजे जुन्या पद्धतीचे दोन दांड्यांचे ससेकान. प्रत्येक दांडी 38 सेंटिमीटर, दोन्ही आडव्या, दांड्यांची बाजू टॉवरकडे, टोकं नाही. या मापात 7, 11 आणि 12 तिन्ही येतात. फ्लॅट अँटेना आणि ससेकान यूएचएफ-व्हीएचएफ कंबायनरने (दोन अँटेना एका केबलवर आणणाऱ्या जोडाने) जोडायचे, उलट्या लावलेल्या स्प्लिटरने नाही. त्यात दोन्हीकडचे साडेतीन डेसिबल फुकट जातात. ससेकानांना चपटी दुहेरी वायर असेल तर 300 ते 75 ओहमचा बॅलन (ती वायर गोल केबलला जुळवणारा छोटा जोड) मध्ये लागतो. मग टीव्हीवर चॅनलांचा रीस्कॅन.

खिडकीला धातूची जाळी किंवा लो-ई (उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर दिलेली) काच असेल तर हे सगळं व्यर्थ, अँटेना बाहेर काढा. भाड्याचं घर असलं तरी फक्त तुमच्याच वापरातल्या बाल्कनीत तो लावायला एफसीसीच्या (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाच्या) नियमामुळे घरमालक किंवा सोसायटीची असोसिएशन मनाई करू शकत नाही. सामायिक गच्चीला मात्र हे संरक्षण नाही.

तीन तारे. आधी आपल्या भागातल्या चॅनलांचे हवेतले नंबर बघा. सगळे 14 ते 36 मध्ये असतील तर डोळे झाकून घ्या. न्यूयॉर्कच्या टप्प्यात असाल तर पहिल्यापासूनच लांब दांड्यांचा अँटेना घ्या, दोनदा पैसे जाणार नाहीत.